पाणी जातंय कुठं

आमच्या जीपला पाणी कमी पडायला लागलं ते १९९४ च्या संक्रांतीनंतर. आधी आठवड्यातनं एकदा बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घातलं की भागायचं. मग दोन दिवसाआड तांब्या लागायला लागला. शिमगा आला तोवर नातेपुत्याची एक खेप केली, की ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून घेतलेलं पाच लिटर पाणी अर्ध्यावर आलेलं असायचं. नवल म्हणजे जीप उभी असते त्या चिंचेखाली थेंब दिसत नव्हता. ऑइलचे काळे डाग होते, पण पाण्याची ओल कुठं नाही.

जीप जुनी, डिझेलवरची. अण्णांनी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली होती, पतसंस्थेचं कर्ज काढून. वडाप करायचे. आमचं गाव माण आणि माळशिरस तालुक्यांच्या शिवेवर. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळात दवाखान्याला, कोर्टाला, बाजाराला, लेकीकडं जायचं तर आमची जीप. आत किती बसले हे मोजायचं नाही, शेवटचा माणूस मागच्या फळीवर उभा राहिला की गाडी हलायची. त्यातनं डिझेल, टायर आणि हप्ता निघायचा. उरलं तर घरात. शेती होती, पण पावसाच्या भरवशावरची, त्यामुळं तिला कुणी हिशेबात धरत नव्हतं.

वर्षाची खरी कमाई शिखर शिंगणापूरच्या यात्रेत व्हायची. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न, आणि द्वादशीला मुंगी घाटातनं कावडी वर चढतात. लांबलांबनं माणसं नद्यांचं पाणी कावडीत घालून आणतात, आणि त्या उभ्या कड्यावरनं एकमेकांना हात देत देवाला नेऊन घालतात. त्या पाच-सहा दिवसांत आमची जीप नातेपुत्यापासून शिंगणापूरपर्यंत घाट चढ-उतर करत रात्रंदिवस पळायची. त्या पैशांवर वर्षातले तीन-चार हप्ते निघायचे. आणि नेमकी त्याच वर्षी गाडीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं.

पाडव्याला सहा दिवस राहिले असताना धर्मपुरीकडच्या चढावर गाडी उकळली. बॉनेटच्या फटींतनं वाफ आली, बायका ओरडत उतरल्या. अण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि नुसते उभे राहिले. टोपणाला हात लावला नाही. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण होती. पहिल्या गाडीवर क्लीनर असताना तापलेल्या रेडिएटरचं टोपण घाईनं उघडल्याची. त्यामुळं अर्धा तास थांबायचं, मग ओलं पोतं टाकून टोपण अर्धा आटा फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची आणि मगच पुरतं काढायचं, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. त्या दिवशी तीन लिटर पाणी आत गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी होती. मेस्त्री तिशीतला, हात चलाख, गॅरेजसमोर सहा-सात जीपा लागलेल्या. त्यानं पाणी भरलं, टोपण काढून गाडी चालू केली, वाकून आत बघितलं, गाडीखाली एक नजर टाकली आणि हात पुसत म्हणाला,

"हेड ग्यासकीट गेलंय मालक. इंजन खोलाय लागंल."

अण्णा म्हणाले, "कशावरनं?"

मेस्त्रीनं बोटं मोडली. "खाली थेंब न्हाय, म्हंजी पाणी आत जळतंय. गाडी उकळतीया. आन् ह्ये बगा बुडबुडं. आतली हवा पाण्यात येतीय."

खरंच, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते.

"खर्च?"

"ग्यासकीट, हेडचं फेसिंग, खोललंच हाय तर व्हॉल्व्ह बगाय लागत्याल. सात हजार धरा. चार दीस गाडी हितं."

"आन् न्हाई केलं तर?"

"तर घाटात हेडला चीर जाईल. मग सात हजारात भागायचं न्हाई."

इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामध्ये ती ग्यासकीट नावाची पातळ चकती दाबून बसवलेली असते. जळणारा वायू, पाणी आणि ऑइल या तिघांच्या वाटा ती वेगळ्या ठेवते. ती फाटली की हे तिघं एकमेकांत मिसळतात. मेस्त्री म्हणत होता तसं असेल, तर ती गाडी घाटात घालणं म्हणजे गाडी आणि कर्ज दोन्ही दरीत ढकलण्यासारखं होतं.

अण्णा म्हणाले, "उद्या सांगतो." मेस्त्री काही बोलला नाही. पुढच्या गाडीखाली सरकला.

गावात पारावर बातमी आमच्या आधी पोचली. प्रत्येकाचं मत तयार होतं. "सात हजार? लुबाडतोय." "यात्रेच्या तोंडावर आलाय म्हणून गळ्याला हात." "त्या पोरानं नवीन घर बांधलंय, ते कशावर?" मलाही तसंच वाटत होतं. त्यानं गाडीखाली नीट वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी घरी येऊन अण्णांना म्हणालो, "अण्णा, तो फसवतोय तुम्हांला." अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि जेवायला बसले.

ते का गप्प होते हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात दोन गोष्टी घडून गेल्या होत्या.

पहिली विहिरीवरच्या मोटारीची. मोटार चालू होईना, तर एकानं ती बघून सांगितलं, वाइंडिंग जळालंय. घेऊन गेला, आठ दिवसांनी आणून दिली, वाइंडिंगचे पैसे घेतले. दोन वर्षांनी ती दुसऱ्याकडं उघडली तेव्हा आत मूळचीच तार निघाली. वाइंडिंग झालंच नव्हतं. त्या वेळी नुसती स्टार्टरमधली पट्टी जळाली असणार. अण्णा तो पैसा विसरले, पण आपण काही न विचारता 'बरं' म्हणालो, हे विसरले नाहीत.

दुसरी गोष्ट सोन्याची. सोन्या आमचा खिलार बैल. एका उन्हाळ्यात त्यानं वैरण तोंडाला लावायची सोडली. पाठ कमानीसारखी करून उभा राहायचा, उतारावरनं खाली यायला नको म्हणायचा. सरकारी दवाखान्याचे जनावरांचे डॉक्टर सायकलवरनं आले. त्यांनी छातीखाली मूठ दाबली, सोन्या कण्हला. डॉक्टर आबांना म्हणाले, "वैरणीतनं तार गिळलीय यानं. शहराच्या दवाखान्यात न्या, पोट उघडून काढावी लागेल." आबा हसले. "बैलाचं पोट उघडत्यात व्हय?" मग झाडपाला झाला, डाग देऊन झाले, नवस झाला. बाराव्या दिवशी सोन्या गेला. त्याला नेऊन सोलणाऱ्यांनी संध्याकाळी निरोप धाडला, आणि निरोपाबरोबर बोटाएवढी गंजलेली तार. वैरणीचा भारा बांधायची. ती काळजाच्या बाजूला टोचलेली निघाली. आबांनी ती तार कोनाड्यात ठेवली होती. आबा गेले तरी तार तिथंच होती.

एकदा विश्वास टाकून फसलो, एकदा न टाकून. अण्णा जेवत होते आणि मधनंच कोनाड्याकडं बघत होते.

आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मेस्त्री म्हणतो ते खरं का खोटं?"

"त्येच तर कळंना."

"पाटल्या ठिवा गहाण. त्याचं काय न्हाई. पर घागर गळाय लागली तर मी ती भरून वाळल्या राखंवर ठिवते आन् बघते, भोक कुठं हाय ते. तुमी गाडी वाळल्या राखंवर ठिवली का?"

अण्णांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "तात्याला बोलीव."

तात्या म्हणजे इंजिनवाले तात्या. गावात वीज यायच्या आधी विहिरींवर ऑइल इंजिनं होती, तेव्हा पंचक्रोशीतली निम्मी इंजिनं तात्यांनी खोलून बसवलेली. आता एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला. हातही कापायचे. सकाळी ऊन चढायच्या आत ते काठी टेकत आले आणि चिंचेखाली जीपसमोर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "मेस्त्री काय म्हणला, ते जसंच्या तसं सांगा." अण्णांनी तीन बोटं मोडून तिन्ही गोष्टी सांगितल्या.

"पोरगं येडं न्हाई," तात्या म्हणाले. "तिन्ही खुणा हेडच्याच हायेत. पर त्या दुसऱ्याच्या बी असू शकत्यात. आपण एकेक खूण तपासू. रातभर गाडी गार हाय न्हवं? चालू करू नगा अजून."

आधी त्यांनी ऑइलची पट्टी काढायला लावली. पाणी ऑइलमध्ये उतरलं असेल तर ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. आमचं ऑइल काळं होतं, बोटावर चोळलं तरी काळंच. ऑइल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला साय धरलेली नव्हती. "ह्यानं हेड सुटत न्हाई," तात्या म्हणाले. "पाणी ऑइलात न जाता नुसतं जळत बी असंल. पुढं चला."

मग त्यांनी पंख्याचा पट्टा काढायला सांगितला. मी विचारलं कशाला. तात्या म्हणाले, "पट्ट्यावर पंखा फिरतो, पंख्याच्या दांड्यावर वॉटर बॉडी फिरती. वॉटर बॉडी म्हंजी पाण्याचा पंप. ती फिराय लागली की पाणी घुसळतं. पाणी कमी असंल तर त्या घुसळण्यातनं बी बुडबुडं येत्यात. मेस्त्रीनं बघितलं ते बुडबुडं हेडचं का पंपाचं? पंपच बंद केला तर कळंल. मग जे बुडबुडं येतील ते हेडचंच. मिनिटभर चालवायची, जास्त न्हाई, पाणी फिरत नसतंय."

अण्णांनी पट्टा काढला. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. मी चावी फिरवली. अण्णा आणि तात्या दोघं तोंडावर वाकले. मला सीटवरनं नुसत्या त्यांच्या पाठी दिसत होत्या. त्या एका मिनिटाला मी घड्याळ लावलं नव्हतं, पण एवढं लांब मिनिट मी परीक्षेच्या निकालालाही अनुभवलं नाही.

"रेस दे," तात्या म्हणाले. मी दिली. "बंद कर."

मी खाली उतरलो. पाणी तसंच होतं, गळ्याला लागून. एक बुडबुडा नव्हता. पाणी उसळलंही नव्हतं.

अण्णांनी सुस्कारा सोडला. तात्यांनी त्यांना सोडू दिला नाही. "हेड न्हाई असं धरू. पर मग पाणी जातंय कुठं? ते सापडल्याबिगर मेस्त्रीला खोटं म्हणायचं न्हाई."

तिसरी तपासणी तात्यांनी घरनं बनवून आणली होती. रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसेल असं लाकडी बूच, त्याला रबर गुंडाळलेलं, आणि मधोमध सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. टोपणाजवळची पाणी सांडायची बारीक नळी दुमडून सुतळीनं बांधली. बूच हातानं दाबून धरलं आणि मला सायकलचा पंप लावायला सांगितला. "चार-पाच दट्टं, बास. जास्त मारलंस तर रेडिएटर फुटंल. गाडी तापल्यावर आत जसा दाब येतो, तसा गार गाडीत आणायचा."

मी दट्टे मारले. तिघं गप्प. होज पाइप फुगल्यासारखे टणक झाले. सांध्यांवर बोट फिरवलं, कोरडे. रेडिएटरची जाळी कोरडी. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा हेडवरच येणार.

"पंखा हलीव," तात्या म्हणाले. "फिरवू नको. वरचं पातं आन् खालचं पातं धर आन् पुढं-मागं हलीव."

अण्णांनी धरलं. पंखा डगडगला. दात हलावा तसा. आणि पंपाच्या पोटातनं एक थेंब खाली आला. मग दुसरा. मग हलवेल तसे टप टप.

वॉटर बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकानं बाहेर पडावं म्हणून. आमच्या जीपचं बेअरिंग ढिलं झालं होतं, दांडा डुगडुगत होता. गाडी उभी असली की सील कसंबसं धरायचं, पळायला लागली की सोडायचं. सुटलेलं पाणी पंखा मागं उडवायचा आणि तापलेल्या इंजिनावर ते जागीच वाळायचं. म्हणून चिंचेखाली थेंब नव्हता. अण्णांनी बॅटरी आत मारली. पुलीच्या मागं इंजिनाच्या अंगावर पांढरा-तांबूस पट्टा उमटलेला दिसला. आमच्या विहिरीचं पाणी खारं, ते वाळलं की मीठ मागं राहतं. महिनाभर पाणी आपली वाट लिहून ठेवत होतं, आम्ही फक्त जमिनीवर बघत होतो.

मला हसू यायला लागलं. मी म्हणालो, "चला, आता त्या मेस्त्रीला दाखवू." माझ्या आवाजात काय होतं ते अण्णांना कळलं असावं. ते म्हणाले, "तू येऊ नगं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ये. पर गप बसायचं."

मला वाटलं होतं, नवीन वॉटर बॉडी तात्याच बसवतील. तात्यांनीच नाही म्हटलं. "माजं हात कापत्यात. बोल्ट आडवा गेला तर इंजनाचा आटा जाईल. आन् त्या पोराला बी कळू द्या."

मेस्त्री कालच्याच गाडीखाली होता. बाहेर आला. अण्णांनी गावातल्या कुणाचं बोलणं सांगितलं नाही, लुबाडण्याचा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "मेस्त्री, पट्टा काढून बघितलं. बुडबुडा येत न्हाई. आन् वॉटर बॉडी गळतीया असं वाटतंय. तुमी एकदा बघता का?"

गॅरेजातली पोरं थांबून बघायला लागली. मेस्त्रीचा चेहरा आवळला. मला वाटलं, आता हा म्हणेल, मग त्याच्याकडंच करा. क्षणभर तो तसा उभा राहिला. मग त्यानं पंखा धरून हलवला, बॅटरी घेतली, आणि कालच्यासारखं वरनं न बघता पाठीवर झोपून गाडीखाली गेला. बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला ते पांढरं मीठ लागलेलं होतं. त्यानं ते अंगठ्यानं चोळलं.

"चुकलं माजं," तो म्हणाला. पोरांच्या देखत म्हणाला. "ह्या म्हैन्यात ह्याच खुणांच्या दोन जीपा आल्या. दोन्हींचं ग्यासकीट गेलतं. तिसरी आली की डोळं तेच बगाय लागत्यात."

दुपारपर्यंत त्यानं जुनी वॉटर बॉडी काढली आणि अण्णांच्या हातात दिली. दांडा बोटानं हलत होता, सीलचं रबर वाळून खडखडीत झालेलं. नवीन बसवली, पट्टा ताणला. साडेआठशे रुपये घेतले, त्यातली मजुरी पन्नास. अण्णांनी वर पन्नासची नोट दिली, ती त्यानं घेतली नाही. पण निघताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. रेडिएटरच्या टोपणाची स्प्रिंग ढिली झालीय, टोपण नवीन घ्या, नाहीतर पाणी लवकर उकळंल. आणि गाडी आधीच उकळलीय. "आज हेड चांगलं हाय. पर उकळल्याली गाडी हाय, मी पुढची ग्वाही देत न्हाई. घाटात निम्म्यावर थांबा, काटा बगा." आमचा काटा बंद होता. तोही त्यानं वायर जोडून चालू करून दिला. तात्यांच्या तिन्ही तपासण्यांत टोपण आणि काटा आला नव्हता. बुचानं तर टोपण काढूनच ठेवावं लागत होतं.

अष्टमीच्या रात्री पहिली खेप. जीपमध्ये पुणे जिल्ह्यातनं आलेले भाविक, हळदीच्या हातांच्या बायका, टपावर पोरं. घाटाच्या निम्म्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. लोक कुरकुरले. "काय झालं ओ ड्रायव्हर? लग्न चुकंल देवाचं." अण्णा काही बोलले नाहीत. मी काट्याकडं बघत होतो, काटा मधोमध. त्यांनी बॅटरी घेऊन पंपाच्या पोटाला बोट लावलं आणि बोट मला दाखवलं. कोरडं होतं. टोपणाला त्यांनी हात लावला नाही. द्वादशीपर्यंत आम्ही तो घाट किती वेळा चढलो हे मोजलं नाही, पण दर वेळी निम्म्यावर थांबलो. त्या पाच दिवसांत रेडिएटरला गार असताना एकदाच पाणी घातलं, तेही तांब्याभर. पाटल्या आईच्या हातात राहिल्या.

पारावर मात्र गोष्ट वेगळी झाली. 'मेस्त्री सात हजाराला लुबाडत होता, अण्णांनी त्याला धरला' अशी. अण्णा तिथं असले की दर वेळी दुरुस्त करायचे, "लुबाडत नव्हता. चुकला होता." लोकांना हा फरक आवडायचा नाही. मलाही तेव्हा तो फारसा कळला नव्हता. पुढं नोकरीत माझ्या हातून असे निदान चुकले, समोरच्यानं 'कशावरून' विचारलं आणि मला राग आला, तेव्हा कळला.

दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाला गाडी पुन्हा पाणी खायला लागली. आम्ही त्याच मेस्त्रीकडं गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, बघितलं आणि अण्णांकडं वळून म्हणाला, "अण्णा, आता मातर हेडच." अण्णांनी तोंड उघडायच्या आत तो हसला. "थांबा, इचारू नगा. दावतो." त्यानं पोराला पाना आणायला सांगितला, स्वतः पट्टा काढला, रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि मला चावी फिरवायला लावली. या वेळी मी उतरून बघायच्या आधीच आवाज आला. पाणी भातासारखं रटरटत होतं, अजून गार असताना.

अण्णा थोडा वेळ त्या बुडबुड्यांकडं बघत राहिले.

"खोला," ते म्हणाले.